चूल शेवटी उचलायची

आई, तुला लिहायला बसलोय खरा, पण लक्ष सगळं बाहेर आहे. बाहेर तुझी सून लॉरी धुतेय. पाइपचं पाणी पत्र्यावर पडतंय. मडगार्डवर त्याचा आवाज जाड येतो आणि बॉनेटवर पातळ, त्यामुळे ती कुठवर आली ते मला इथे खुर्चीत बसून कळतं. आत्ता मागच्या चाकांशी आहे. पुढे यायला तिला फार वेळ लागायचा नाही, म्हणून जे सांगायचं ते तोवर सांगून टाकतो. सोमवारी या लॉरीला गिऱ्हाईक येणार होतं. मी विकायचं नक्की केलं होतं. आणि ती म्हणते, उद्या सकाळी हिच्यात बसून आपण दोघांनी निघायचं. कुठे, ते ठरलेलं नाही. विकायची की निघायचं, एवढाच तंटा आहे, आणि त्यात तुझा हात आहे असं मला वाटतं. तू वारलीस त्याला इतकी वर्षं झाली, सुनेला तू पाहिलंही नाहीस. तरी या घरातल्या कुठल्याही भांडणाचा धागा ओढला की दुसऱ्या टोकाला तूच निघतेस.

विद्यानगरच्या त्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघर सगळ्यात मागे होतं. पुढची खोली, मधली खोली, मग एक पायरी उतरून तू. अण्णा हैदराबादच्या कोठी बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात दिवसभर उभं राहून पुस्तकं विकायचे, संध्याकाळी कुणाला ना कुणाला घेऊन यायचे, आणि पुढच्या खोलीत गप्पा रंगायच्या. तिथलं हसणं दोन भिंती ओलांडून तुझ्याकडे यायचं तेव्हा त्यातला विनोद गळून गेलेला असायचा. मी मधल्या खोलीत अभ्यासाला बसायचो, म्हणजे दोन्ही बाजू मला ऐकू यायच्या. माझे कान तिथेच तयार झाले, असं आता वाटतं. तू मला बोलण्यातून कमी आणि भांड्यांतून जास्त माहीत आहेस. तवा आपटला तर अण्णांनी पाहुण्याला जेवायलाच थांबवून घेतलंय. वरवंटा संथ फिरत असेल तर तुझं मन तिथे नाही, लाइनीच्या पलीकडे आहे.

रेल्वेलाइनीच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत दर उन्हाळ्यात घिसाड्यांच्या बैलगाड्या येऊन थांबायच्या. गाडीतच त्यांचा संसार, गाडीखाली पोरं, बाजूला भाता आणि ऐरण. तू विळीला धार लावून घ्यायला म्हणून मला घेऊन जायचीस. विळीला धार असायची, हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं आणि त्या घिसाडणीलाही कळत असणार, पण ती विळी ठेवून घ्यायची. नवरा लोखंड तापवायचा, ती घण घालायची, आणि दोन घावांच्या मध्ये तुमच्या गप्पा. तू एकदा तिला विचारलंस, "घर झाडायला किती वेळ लागतो गं तुला?" ती घण खाली ठेवून तुझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "घर कुठंय, बाई? झाडायचं आलं की गाडी हाकायची." मग तिने तुला विचारलं, तुमच्याकडे नळ घरात येतो म्हणतात, खरं का? तू हो म्हणालीस. "मग एक दिस अदलाबदल करू," ती म्हणाली. तू परत येताना रूळ ओलांडेपर्यंत हसत होतीस. पुढे कितीतरी दिवस केर काढता काढता मध्येच थांबायचीस आणि केरसुणीलाच सांगायचीस, झाडायचं आलं की गाडी हाकायची.

त्या दिवसापासून घरात तुझ्या गाडीचा विषय निघाला तो कायमचा. पोळ्या लाटताना तू गाडीला छप्पर घालायचीस, कपडे वाळत घालताना बैल निवडायचीस. एक पांढरा, एक तांबडा, कारण दोन्ही सारखे असले तर अण्णांना ओळखू येणार नाहीत. अण्णा म्हणायचे, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर." तू म्हणायचीस, "विंचवाला भांडी घासावी लागत नाहीत." यावर ते पेपर उघडायचे.

आणि मग तुझा तो दसरा. दसऱ्याच्या आधी सगळीच घरं घासूनपुसून निघतात, गोधड्या धुतल्या जातात, डबे उन्हात पडतात. पण तू सगळं घरच बाहेर काढलंस. खाट, कपाट, ट्रंका, देव्हारा, अण्णांची खुर्ची. अंगणातल्या सीताफळाच्या झाडाखाली सगळं मांडलंस, आणि म्हणालीस, आज आपला इथे मुक्काम. सगळ्यात शेवटी आतून स्टोव्ह आणलास आणि सगळ्यात आधी तो पेटवलास, गाद्या अजून उलगडायच्या होत्या तरी. "चूल शेवटी उचलायची आणि आधी मांडायची," तू मला म्हणालीस. "मग मधे काय व्हायचं ते होऊ दे." स्टोव्ह, पिन, काडेपेटी, चहा, साखर, चार काचेचे ग्लास, एवढं तू एका निळ्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतंस. मला तेव्हा तो खेळ वाटला.

वरून घरमालकीणबाईंनी बघितलं. त्या तेलुगू, सज्ज्यात उभ्या राहून सगळ्या गल्लीवर लक्ष ठेवणाऱ्या. "एमम्मा, इल्लु खाली चेस्तुन्नारा?" घर रिकामं करताय का, म्हणून त्यांनी विचारलं. तुझं तेलुगू भाजीबाजारापुरतं. तू हसून सांगितलंस, "ऊरिके, अम्मा." म्हणजे उगीच. आता सगळं घर उगीच कोण बाहेर काढतं? भाडेकरू न सांगता निघाले आणि तोंडावर गोड बोलताहेत, असाच अर्थ त्यांनी लावला असणार. दुपारी चार वाजायच्या आत घर बघायला एक कुटुंब दारात हजर. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. दुसरी कुणी असती तर वर जाऊन भांडली असती. तू त्यांना म्हणालीस, "अंदर कू मत जाओ, फर्श गिल्ला है. यां बैठो, चाय पियो." म्हातारी तुझ्या ट्रंकेवर बसली, ग्लास दोन्ही हातांत धरला, झाडाकडे बघितलं आणि म्हणाली, "हौ माँ, बाहरीच अच्छा है." ती मंडळी संध्याकाळपर्यंत हलली नाहीत. घर बघायचंही विसरली.

अण्णा कोठीहून आले तेव्हाचं त्यांचं तोंड मला अजून दिसतं. फाटकात उभे आहेत, हातात पिशवी आहे, अंगणात त्यांचा सगळा संसार पडलाय आणि त्यांच्या खाटेवर अनोळखी माणूस पाय पसरून बसलाय. त्यांना वाटलं, आपल्याला काढलं. ते काही विचारायच्या आत तू त्यांच्यापुढे ताट सरकवलंस. "बसा. पाव्हणे आलेत. लसूण सोला." आणि अण्णा बसले आणि लसूण सोलू लागले, कारण अंगणात पुढची खोली नव्हती, पाहुण्यांबरोबर जाऊन बसायला वेगळी जागाच नव्हती. त्या संध्याकाळी म्हातारीने काहीतरी सांगितलं, काय ते आठवत नाही, सुनेच्या माहेरचं काहीतरी, आणि सगळे हसले, आणि त्या हसण्यात मला तुझा आवाज वेगळा ऐकू आला. मोठा होता, थोडा घोगरा. घरात तो मी कधी ऐकलाच नव्हता. घरात हसणं पुढे व्हायचं आणि तू मागे असायचीस. तुला गाडी कशाला हवी होती ते मला खूप उशिरा कळलं. गाडीत स्वयंपाकघर मागे नसतं.

दुसऱ्या दिवशी सगळं परत आत गेलं. तू चुलीपाशी पायरीवर बसून कढई घासत होतीस. मी जवळ जाऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मी मोठा झालो की लॉरी घेणार, तुला बसवणार आणि आपण जाणार, परत यायचंच नाही. मला वाटलं तू जवळ घेशील. तू कढईतून हात काढलासुद्धा नाहीस. "बोलू नको," म्हणालीस. आवाज असा कडक की मी एक पाऊल मागे झालो. "जाणारा माणूस बोलत नसतो. मी बोलते ना दिवसभर? म्हणून तर इथं आहे." मग राख घेतलीस आणि परत घासायला लागलीस. मला ते रागावणं वाटलं. पुष्कळ वर्षं मी त्याला रागावणंच समजत आलो.

पाणी आता मधे आलंय, डिझेलच्या टाकीपाशी. टाकी भरलेली आहे, आवाज बसका येतो. कधी भरून आणली कुणास ठाऊक.

तू गेलीस तेव्हा मी अफजलगंजच्या एका गोडाऊनात पेट्या चढवत होतो. पुढे जे झालं ते तू बघायला हवं होतंस. देशाने दारं उघडली म्हणतात, त्या दारातून आपल्या गावात काय काय आत आलं. पश्चिमेकडे ते हत्तीएवढे खडक होते ना, ते सुरुंग लावून फोडले आणि तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पुण्याहून, मुंबईहून तरणी जोडपी यायला लागली, कॉम्प्युटरवर काम करणारी, आणि त्यांच्यामागे त्यांचं सामान. टेम्पोवाले सामान कापसासारखं फेकायचे. मला वाटलं, हे काम आपलं आहे. पेटी थोडी कलती केली की आत काय आहे ते मला ऐकू येतं. नीट बांधलेली काच आवाज करत नाही. बोलली की समजायचं, कुठेतरी सैल आहे. एवढ्या भांडवलावर मी धंदा सुरू केला. आधी भाड्याच्या लॉरीवर, मग ही घेतली, जुनीच, पण माझी.

सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत पुण्याच्या एक बाई होत्या. सामान उतरवून झालं, माझी माणसं घाम पुसत उभी, आणि त्या खोक्यांच्या ढिगात एका खोक्यावर बसून रडायला लागल्या. मी घाबरलो, म्हटलं काय फुटलं? तर म्हणाल्या, "काही नाही हो. मला फक्त चहा हवाय. एवढ्या खोक्यांत काडेपेटी कुठे शोधू?" आई, तेव्हा तू माझ्या कानात बोललीस म्हण ना. मी शेजारून स्टोव्ह मागून आणला, तिथे फरशीवर चहा केला, पहिला ग्लास त्यांना दिला. चहा पिता पिता त्या सावरल्या आणि लगेच चौकशी सुरू. "तुम्ही मराठी? मूळचे कुठले?" म्हटलं, "इथलाच, बाई. विद्यानगरचा." "पण तुमचं मराठी जरा..." म्हटलं, "हौ, जरा पातळ झालंय. इथलं पाणी लागलं." हसल्या. त्यानंतर मी नियमच केला. कुठलंही घर हलवायचं असलं की चहाचं सामान वेगळ्या पेटीत, पेटी शेवटी चढवायची, आधी उतरवायची. अर्ध्या गावात माझी ओळख त्याच्यावर झाली. लोकांना वाटतं माझं डोकं. मीही फार खुलासा करत बसत नाही.

पण दिवसभर दुसऱ्यांची घरं हलवून संध्याकाळी मी त्याच गल्लीत, त्याच खुर्चीत. मग तुझा रोग मला लागला. तुझी सून मेथी निवडत असायची आणि मी समोर बसून लॉरीत खाट टाकायचो, खिडकी पाडायचो. बीदर, उदगीर, तिथून पुढे रस्ता नेईल तिकडे. झाडाखाली मुक्काम, सकाळी उठलं की पुढे. ही बाई उदगीरकडची, शांत. ऐकून घ्यायची आणि शेवटी एवढंच म्हणायची, "सिलिंडरचा नंबर लागलाय. तो आला की जा." नाहीतर, "पाण्याचा टँकर येऊन जाऊ दे, मग निघा." मी म्हणायचो, बघितलंस, हिला हौसच नाही. तुझी नात बंगळुरूला नोकरीला लागली, ती फोनवर म्हणते, "पप्पा, तुम्ही नुसत्या खाली बातां करता, बस." तिला मराठी बोलता येतं असं आपलं म्हणायचं, वाचता तर येतच नाही. म्हणजे हे पत्र तिच्यापासून सुरक्षित आहे. तिला मी काय सांगू, की बातां हा आपल्या घराण्याचा धंदा आहे?

तर झालं असं. आता धंद्याला मोठे बंद कंटेनर लागतात, ही लॉरी उभीच असते. एक बरं गिऱ्हाईक सांगून आलं. गुरुवारी मी हिला सांगितलं, विकून टाकतो, सोमवारी येतोय तो. ती तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला, मग परत चालू झाला. मला वाटलं, पटलं. मला काय काय ऐकू येतं याची मी गावभर फुशारकी मारतो, आणि गेले कित्येक आठवडे दुपारी शिलाई मशीन चालायची ती मी ऐकत होतो, पण ब्लाउज शिवत असेल म्हणून सोडून दिलं होतं. काल सकाळी अंगणात गेलो तर लॉरीला मागे पडदे. निळे, बारीक फुलांचे, मापात. आत खाट चढवलेली, गाद्या बांधलेल्या, हरभऱ्याच्या डाळीचा डबा, तिच्या औषधांची पिशवी, माझ्या औषधांची पिशवी. फक्त एक तुझी निळी पेटी खाली जमिनीवर.

मी तेवढंच विचारू शकलो, "पेटी खाली का ठेवलीस?"

"ती शेवटी चढवायची ना? तुम्हीच सांगत फिरता सगळ्या हैदराबादला."

"आणि सोमवारचं गिऱ्हाईक?"

"फोन केला त्याला. म्हटलं, गाडी बाहेरगावी गेलीय."

"इथं तर उभी आहे."

"सोमवारी नसेल."

"अगं, पण जायचं कुठं?"

"ते रस्त्यावर ठरवू. असंच म्हणायचात ना तुम्ही?" आणि मग केरसुणी भिंतीला टेकवून ठेवत म्हणाली, "घर झाडायचं आलंय, अहो."

घिसाडणीची गोष्ट मीच तिला कधीतरी सांगितली असणार. तुझी कढई, तुझे राखेचे हात, सगळं समोर आलं. जाणारा माणूस बोलत नसतो. ही बाई इतकी वर्षं एक अक्षर बोलली नव्हती. नीट बांधलेली काच आवाज करत नाही हे मी माझ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो.

मग मी काय केलं? कॅबिनमध्ये चढलो, इंजिन चालू केलं, मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालो, इंजिनात टॅपेटचा खटखट आवाज येतोय, असं लांब निघणं बरं नाही, दोन-तीन आठवडे बघू. तिने फोन करून चाचांना बोलावून घेतलं. हे चाचा पहिल्यापासून या लॉरीचं इंजिन बघतात. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला, डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं. "इंजन मस्का है, सेठ. कौन बोला आवाज आरा?" मी म्हटलं, मला येतोय. ते हात पुसत हिच्याकडे वळले. "भाभी, सेठ कू कान के डाक्टर कने लेके जाओ. गाडी कू कुछ नै हुआ." ती पदर तोंडाला लावून हसली. मोठ्याने हसली, आई, जरा घोगरं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमचंही स्वयंपाकघर मागेच आहे.

पाणी बॉनेटवर आलं. आता थांबलं. पाइप गुंडाळल्याचा आवाज. आता ती मला हाक मारणार. दाढी करा म्हणून काल दोनदा सांगून झालंय. हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नव्हता, तुझा मुक्काम मला माहीत नाही. निळ्या पेटीत तुझ्या चार ग्लासांपैकी दोन उरलेत आणि त्यांना गुंडाळायला कागद हवाय. ही पानं भरपूर झालीत, पुरतील. घट्ट गुंडाळतो, म्हणजे रस्त्यात बोलणार नाहीत.

एकच राहिलं. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता, आई. चालू केल्याबरोबर मला ऐकू आलं होतं.